कोडमधल्या ॲट्रिब्यूटनं आपला ऑब्जेक्ट डब्ल्यूएमआयला कसा दाखवायचा : नेहमी येणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बसून जिनिंगवाल्यांचं काट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कापसाच्या गाड्या येतात, भरती वजन, खाली वजन, पावती, एवढाच त्याचा जीव. पण दसऱ्यापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत फोन खाली ठेवता येत नाही, "भाऊ काटा अडकला, मागं गाड्यांची लाइन लागली, लवकर या". मग मोटारसायकल काढा, चाळीस किलोमीटर जा, अन् तिथे गेल्यावर कळते की पोट्ट्यानं यूएसबीची वायर काढून दुसऱ्या खाचीत लावली म्हणून विंडोजमधलं पोर्टचं नाव कॉम ३ चं कॉम ५ झालं. पाच मिनिटाचं काम अन् अर्धा दिवस गेला.

तेव्हापासून मी प्रोग्रामलाच बोलायला शिकवलं, म्हणजे विंडोजच्या डब्ल्यूएमआयमार्फत (ते काय ते खाली सांगतो) विचारलं की तो काट्याची अवस्था सांगते. ते कसं केलं हे लोक वारंवार विचारतात, त्यातले बहुतेक माझ्यासारखेच गावात एकटे काम करणारे आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. नावं देवनागरीत लिहितोय, तुमच्या कोडमध्ये ती रोमनमध्येच टाकायची अन् मधात डॅश नाही द्यायचा हे सांगायची गरज नसावी.

ॲट्रिब्यूट ॲट्रिब्यूट करतात ते नेमकं काय असते?

गाईबैलाच्या कानात तो पिवळा बिल्ला पाहिला ना, बारा आकडी नंबरवाला? बिल्ला लावल्यानं बैल जास्त वखरत नाही, की कमी कडबा खात नाही. बैल तोच. पण जनावराचा डॉक्टर आला की बिल्ला वाचते, नंबर मोबाइलमध्ये टाकते अन् त्याला समजते हे जनावर कोणाचं, लस कधी टोचली. सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं ॲट्रिब्यूट हेच आहे. क्लासच्या (ज्या साच्यातून ऑब्जेक्ट निघतात तो) किंवा प्रॉपर्टीच्या (ऑब्जेक्टची एकेक माहिती) डोक्यावर चौकटी कंसात लिहिलेली एक चिठ्ठी. ती स्वतः काहीच करत नाही. दुसरा कोणी रिफ्लेक्शननं (कोडमधल्या अशा चिठ्ठ्या वाचायची सोय) ती वाचते तेव्हा तिचा उपयोग.

हे एवढं डोक्यात पक्कं बसवा, कारण अर्धे फोन मला याच गैरसमजातून येतात, "ॲट्रिब्यूट लावलं तरी काहीच दिसत नाही". नाहीच दिसणार, नोंद कुठे केली तुम्ही.

डब्ल्यूएमआय म्हणजे काय? आपल्या पीसीत आधीच असते का?

असते. पूर्ण नाव विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन. डीएमटीएफ नावाची संस्था आहे, १९९२ ची, तिनं कॉम्प्युटरमधल्या वस्तूंचं वर्णन कसं करायचं याचा एक साचा ठरवला, त्याला सीआयएम म्हणतात, अन् मायक्रोसॉफ्टनं त्याच साच्यावर डब्ल्यूएमआय बांधलं. विंडोज २००० पासून ते विंडोजच्या सोबतच येते, वेगळं काही टाकावं लागत नाही.

डिस्कमध्ये जागा किती, कोणती सर्व्हिस चालू, बॅटरी किती उरली हे सगळं तिथे क्लास म्हणून मांडलेलं असते अन् डेटाबेसच्या एसक्यूएलसारख्या भाषेत विचारता येते, तिला डब्ल्यूक्यूएल म्हणतात. हे सगळं रूट\सिमव्ही२ या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लास ठेवायच्या कप्प्यात. मुद्दा हा की त्याच रांगेत तुम्ही तुमचा "काटा" पण उभा करू शकता. म्हणजे ज्या टूलनं डिस्क पाहता त्याच टूलनं काटा दिसते, वेगळी स्क्रीन बनवायची नाही, वेगळा प्रोटोकॉल लिहायचा नाही.

लॉग फाईल असताना हे काऊन करायचं?

लॉग फाईल म्हणजे झालं गेलं. मला "आत्ता या मिनिटाला काट्याची अवस्था काय" हे पाहिजे. लॉगमध्ये शेवटची ओळ चार वाजताची असली तर त्याचा अर्थ चारनंतर गाडीच आली नाही असाही होते अन् प्रोग्राम मेला असाही होते. ऑब्जेक्टला विचारलं की ते सरळ सांगते, पोर्ट उघडं आहे, शेवटचं रीडिंग ३ सेकंदापूर्वी आलं, न पाठवलेल्या पावत्या ११.

लॉग बंद करू नका पण. दोन्ही पाहिजे.

कोणकोणते ॲट्रिब्यूट लागतात? एका उदाहरणावर सांगा ना

माझाच काट्याचा क्लास घ्या.

सगळ्यात आधी असेंब्लीच्या (म्हणजे पूर्ण एक्सई-डीएलएलच्या) पातळीवर डब्ल्यूएमआय-कॉन्फिगरेशन. यात नेमस्पेसचं नाव द्यायचं, मी रूट\काटा दिलं आहे, अन् होस्टिंग मॉडेल द्यायचं, ते खाली सांगतो. सिमव्ही२ मध्ये आपला क्लास घुसवू नका, तो विंडोजचा वाडा आहे, आपण आपलं झोपडं वेगळं बांधावं.

मग क्लासवर मॅनेजमेंट-एंटिटी. म्हणजे "हा क्लास बाहेर दाखवायचा आहे". क्लास पब्लिक ठेवा. एकाच पीसीत असा एकच ऑब्जेक्ट राहणार असेल तर सिंगलटन खरं करून टाकता येते, मग की (ओळख पटवणारी प्रॉपर्टी, पुढंच सांगतो) लागत नाही. माझ्याकडे एका जिनिंगमध्ये दोन काटे आहेत, मोठा ट्रकचा अन् लहान बंडी-मेटॅडोरचा, म्हणून मी सिंगलटन नाही केलं.

मॅनेजमेंट-की त्या प्रॉपर्टीवर जिच्यावरून एक ऑब्जेक्ट दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा, माझ्याकडे काटा क्रमांक. दोन ऑब्जेक्टची की सारखी झाली की गोंधळ, सातबाऱ्यावर एकाच गटाला दोन मालक लागल्यासारखं.

मॅनेजमेंट-प्रोब म्हणजे फक्त वाचायची प्रॉपर्टी. शेवटचं वजन, पोर्टची अवस्था, बाकी पावत्या, सगळं प्रोब. माझ्या क्लासमध्ये आठातल्या सहा गोष्टी प्रोबच आहेत.

मॅनेजमेंट-कॉन्फिगरेशन म्हणजे बाहेरून बदलता येणारी प्रॉपर्टी. इथे दोन चाली आहेत, बदललं की लगेच लागू होणारी अन् दुसरी कमिट केल्यावर लागू होणारी, तिच्यासाठी मॅनेजमेंट-कमिट लावलेली मेथड लिहावी लागते. मी फक्त पोर्ट नंबर याच्यात ठेवला.

मॅनेजमेंट-टास्क म्हणजे बाहेरून हाक मारता येणारी मेथड. माझी एकच आहे, "पुन्हा जोड".

बाकी मॅनेजमेंट-बाइंड, मॅनेजमेंट-एन्युमरेटर, मॅनेजमेंट-क्रिएट, मॅनेजमेंट-रिमूव्ह आहेत. बाइंड म्हणजे की दिली तर ऑब्जेक्ट कसा शोधून आणायचा, एन्युमरेटर म्हणजे सगळे ऑब्जेक्ट एकामागं एक कसे द्यायचे. नावावरून बाकीचे कळतेच.

कपल्ड आणि डीकपल्डमध्ये फरक काय? कोणतं घ्यावं?

हेच ते होस्टिंग मॉडेल. कपल्ड म्हणजे तुमची डीएलएल डब्ल्यूएमआयचाच होस्ट प्रोसेस, डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई, उचलून चालवते, जेव्हा कोणी विचारते तेव्हा. त्याच्यात लोकल सिस्टिम, नेटवर्क सर्व्हिस, लोकल सर्व्हिस अशी खाती निवडायची असतात अन् डीएलएल जीएसीमध्ये (डॉटनेटच्या सामायिक डीएलएलचं गोदाम) टाकावी लागते.

डीकपल्ड म्हणजे तुमचा प्रोग्राम स्वतःच चालू असते, त्याच्याच पोटात ऑब्जेक्ट असते अन् तो सांगते की माझ्याकडे हे आहे, कोणी विचारलं तर मला विचारा.

काट्यासारख्या कामाला डीकपल्डच, दुसरा विचारच नाही. कारण सिरियल पोर्ट एका वेळेस एकाच प्रोसेसच्या हातात राहते. डब्ल्यूएमआयच्या प्रोसेसनं वेगळी डीएलएल उघडली तर तिच्या हातात काट्याची खरी अवस्था येणारच नाही, ती फक्त फाईल नाहीतर डेटाबेस वाचून सांगू शकते. जिथे माहिती डिस्कवर किंवा रजिस्ट्रीत पडली आहे तिथे कपल्ड बरं, चालत्या प्रोग्रामच्या पोटातली माहिती पाहिजे तर डीकपल्ड.

डीकपल्डमध्ये प्रोग्राम सुरू होताना इन्स्ट्रुमेंटेशन-मॅनेजरच्या रजिस्टर-असेंब्लीला हाक मारायची, ऑब्जेक्ट तयार झाला की पब्लिश करायचा, संपला की रिव्होक. अन् प्रोग्राम बंद असला तर क्लासचं नाव दिसते पण त्यात एकही ऑब्जेक्ट भेटत नाही. सुरुवातीला मला हे कमीपणाचं वाटलं होतं, आता तर मला तेच पाहिजे असते. ऑब्जेक्ट नाही म्हणजे प्रोग्राम मेला, झालं, फोन करून ऑपरेटरला "आयकॉनवर दोनदा क्लिक कर" सांगता येते.

ॲट्रिब्यूट लावले, बिल्ड झालं, तरी दिसत नाही. काय राहिलं?

इन्स्टॉलयुटिल राहिलं. दर वेळेस हेच राहते.

बिल्ला लावला पण रजिस्टरमध्ये चढवला नाही. प्रोजेक्टमध्ये डिफॉल्ट-मॅनेजमेंट-इन्स्टॉलर पासून निघालेला एक छोटा क्लास ठेवायचा, त्याच्यावर रन-इन्स्टॉलर खरं लिहायचं, आत काही लिहायची गरज नाही. मग ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून इन्स्टॉलयुटिलला तुमच्या एक्सईचं नाव द्यायचं. ते तुमचे ॲट्रिब्यूट वाचते, त्यावरून क्लासची व्याख्या तयार करते अन् डब्ल्यूएमआयच्या साठ्यात नोंदवते. तो साठा सिस्टिम३२ मधल्या डब्ल्यूबीईएम\रिपॉझिटरी फोल्डरात असते, त्याला हात लावू नका, नुसतं माहिती म्हणून.

इन्स्टॉलयुटिल दोन जागी सापडते, विंडोजच्या फोल्डरात मायक्रोसॉफ्ट डॉटनेट मध्ये एक फ्रेमवर्क अन् एक फ्रेमवर्क६४, दोन्हीत व्ही४.०.३०३१९ नावाचं फोल्डर. तुमचं एक्सई ३२ बिटचं बांधलं असेल तर पहिल्यातलं, ६४ चं असेल तर दुसऱ्यातलं. उलटं केलं की बॅड इमेज फॉरमॅट म्हणून रडते. जुन्या यूएसबी-सिरियलच्या डीएलएलमुळे माझं एक्सई ३२ बिटचंच आहे आणि मी हे किती वेळा उलटं केलं ते विचारू नका.

अन् एक, नवीन प्रॉपर्टी वाढवली की इन्स्टॉलयुटिल पुन्हा मारायचं. नुसतं एक्सई बदलून नाही भागत, व्याख्या साठ्यात जुनीच पडून राहते.

चाललं की नाही ते कसं पाहायचं?

सगळ्यात सोपं पॉवरशेल. गेट-सिमइन्स्टन्स लिहा (पॉवरशेलच्या कमांडीत मधला डॅश खरा असते, तो द्यायचाच), नेमस्पेस रूट/काटा, क्लासचं नाव काटा. आकडे आले तर झालं. मेथड मारून पाहायची असेल तर इन्व्होक-सिममेथड.

जुन्या लेखांत गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट दिसते, ते विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये चालते पण पॉवरशेल ६ पासून पुढं नाही. डब्ल्यूएमआयसी नावाची काळ्या खिडकीतली कमांड होती तिला पण विंडोज १० च्या २१एच१ पासून डेप्रिकेटेड (म्हणजे पुढं वापरू नका असं जाहीर) केलं आहे, नवीन स्क्रिप्ट तिच्यावर लिहू नका. लोक याच्यावरून "डब्ल्यूएमआय बंद झालं" म्हणत सुटले, तसं नाही, कमांड गेली, डब्ल्यूएमआय आहे जागेवर.

अन् विंडोजमध्येच डब्ल्यूबीईएमटेस्ट नावाची एक खिडकी आहे. दिसायला अगदी पंचायत समितीच्या जुन्या फॉर्मसारखी, पण अडलेल्या वेळी तीच कामी येते.

किती प्रॉपर्ट्या दाखवाव्या? सगळाच क्लास उघडा केला तर?

करू नका राजेहो.

पहिल्या वेळी मी उत्साहात बावीस प्रॉपर्ट्या दाखवल्या होत्या. बॉड रेट, पॅरिटी, पावतीचा हेडर, प्रिंटरचं नाव, काय काय. सीझनभर मी त्यातल्या चारच पाहिल्या. बाकीच्यांनी फक्त त्रास दिला, कोणी नाव बदललं की स्क्रिप्ट मोडायची, कारण एकदा दाखवलेलं नाव म्हणजे बाहेरच्याला दिलेला शब्द असते, घरातल्या घरात बदलता येत नाही.

आता माझा नियम साधा आहे, फोनवर ऑपरेटरला मी जे प्रश्न विचारतो तेवढ्याच प्रॉपर्ट्या. मी काय विचारतो? प्रोग्राम चालू आहे का. काट्याचे आकडे हलतात का. पोर्ट कोणता. पावत्या वर गेल्या की पडून आहेत. शेवटची चूक काय आली. एवढंच. शेतकऱ्याचं नाव, बँक खातं, भाव, वजनाची यादी यातलं काहीही तिथे टाकायचं नाही, तो डेटाबेसचा माल आहे. डब्ल्यूएमआय म्हणजे नाडी पाहायची जागा, धान्याची कोठी नाही.

शेवटच्या रीडिंगची वेळ द्यायची तर कशी द्यावी? मला विचित्र आकडा दिसतोय

डब्ल्यूएमआयमध्ये तारीख-वेळ २५ अक्षरांची एक पट्टी असते, वर्ष महिना दिवस तास मिनिट सेकंद सगळं चिकटून, मग टिंब, मग सेकंदाचे सहा बारीक आकडे, अन् शेवटी यूटीसीपासूनचा फरक मिनिटांत. आपला साडेपाच तास म्हणजे +३३०. तो ३३० पाहून एकानं मला विचारलं होतं की हे व्होल्टेज आहे का. गेट-सिमइन्स्टन्स वापरलं तर ते आपोआप नीट तारीख करून देते.

पण माझा अनुभव ऐका तर वेळ देऊच नका, "किती सेकंद झाले" ते द्या. काऊन? कारण आपल्याकडच्या पीसीचा बायोसचा सेल मेलेला असते. लाइन गेली, यूपीएस दहा मिनिटात बसला, पीसी परत सुरू झाला की तारीख कितीतरी वर्ष मागं. मग इंटरनेटची सर्टिफिकेटं चालत नाहीत, तुमची तारीख चुकते, अन् तुम्हाला वाटते काटा कित्येक वर्षांपासून बंद आहे. स्टॉपवॉच क्लासनं मोजलेले सेकंद घड्याळावर अवलंबून नसतात. मी दोन्ही देतो, सेकंद पण अन् पीसीची तारीख पण, तारीख चुकीची दिसली की समजते सेल बदलायला सांगायचा.

दुरून मेथड मारू देणं धोक्याचं नाही का?

आहे. म्हणूनच एकच मेथड ठेवली. "पुन्हा जोड" काय करते, पोर्ट बंद करते, दोन सेकंद थांबते, परत उघडते. गाडी काट्यावर उभी असताना मारली तरी वजनाला धक्का लागत नाही, फार तर ऑपरेटरला दोन सेकंद आकडा दिसत नाही. जी मेथड चुकून दोनदा मारली तरी नुकसान होणार नाही तीच बाहेर ठेवायची. "पावती रद्द कर" असली मेथड कोणी टास्क म्हणून ठेवली तर त्याला हात जोडा.

हे लावल्यापासून माझा प्रोग्राम मधेच हँग होते

हा प्रश्न फार येते अन् उत्तर जवळपास दर वेळेस एकच. तुमची प्रॉपर्टी कोण वाचते? तुमचा मेन थ्रेड (प्रोग्राममधली कामाची मुख्य धार) नाही. डब्ल्यूएमआयकडून आलेली हाक वेगळ्याच थ्रेडवर येते. आता तुम्ही प्रॉपर्टीच्या गेटमध्ये (प्रॉपर्टी वाचली की चालणारा कोड) लेबलवरचा आकडा वाचला, किंवा इन्व्होक करून स्क्रीनच्या थ्रेडला विचारलं, अन् स्क्रीनचा थ्रेड त्याच वेळी कुठल्या तरी लॉकसाठी थांबला असला, की दोघं एकमेकांकडे पाहत बसतात. नाल्याच्या पुलावर समोरासमोर आलेल्या दोन बंड्या, मागं कोणी घेत नाही.

आणखी वाईट म्हणजे गेटमध्येच सिरियल पोर्ट वाचणं. मॉनिटरिंगवालं टूल दर मिनिटाला विचारते, दर वेळी पोर्टवर थांबते, काट्याचं खरं रीडिंग मधात खाऊन टाकते. असं कोणी करत असेल हे मला खरं वाटलं नसतं, पण पहिल्यांदा मीच केलं होतं.

बरोबर पद्धत अशी, रीडिंग वाचणारा थ्रेड आपलं काम करते अन् शेवटचा आकडा साध्या फील्डमध्ये ठेवते, लॉक लावून. गेट फक्त तो फील्ड परत करते. गेटमध्ये नेट नाही, डेटाबेस नाही, फाईल नाही, वाट पाहणं नाही. एक्सेप्शन पण बाहेर उडू देऊ नका, एक प्रॉपर्टी पडली तर पूर्ण क्वेरी पडू शकते.

काही तरी आकडी एरर येते, अर्थ सांगा

सगळ्यांच्या समोर शून्य-एक्स असते ते धरून चला. ८००४१०ई म्हणून कोणी पाठवते तेव्हा आधी पूर्ण आकडा पाहा, एक शून्य गाळलेला असते.

८००४१००ई आला तर नेमस्पेस सापडला नाही, म्हणजे नाव चुकलं किंवा इन्स्टॉलयुटिल त्या पीसीवर मारलंच नाही. ८००४१०१० म्हणजे नेमस्पेस आहे पण क्लास नाही. ८००४१००३ म्हणजे परवानगी नाही. ८००४१०१३ म्हणजे प्रोव्हायडर (डब्ल्यूएमआयला माहिती पुरवणारा तुमचा भाग) लोड झाला नाही, कपल्डमध्ये डीएलएल जीएसीत नसली की हा हमखास. ८००७०६बीए म्हणजे दुसऱ्या पीसीपर्यंत पोचताच आलं नाही, नव्वद टक्के वेळा फायरवॉल, उरलेले वेळा पीसीच बंद.

कोणी सांगितलं की रिपॉझिटरी फोल्डर उडवून टाक म्हणजे सगळं नीट होते, तर ऐकू नका. आधी विनएमजीएमटी या कमांडीला व्हेरिफाय-रिपॉझिटरी देऊन तपासा, खरंच बिघडलं असेल तर साल्व्हेज-रिपॉझिटरी. उडवलं तर दुसऱ्या सॉफ्टवेअरांच्या नोंदी पण जातील.

तालुक्यावरून गावातल्या पीसीला सरळ विचारता येते का?

एकाच लॅनमध्ये येते. डीकॉम या जुन्या पद्धतीनं विचारलं तर पोर्ट १३५ अन् वरून ४९१५२ ते ६५५३५ मधला कोणताही एक, फायरवॉलवाल्याला घाम फोडणारी गोष्ट. विनआरएम या नव्या पद्धतीनं विचारलं तर फक्त ५९८५, एचटीटीपीएस असेल तर ५९८६. नवीन काही करत असाल तर विनआरएमच.

वर्कग्रुपवाल्या पीसीत दोन खोडे हमखास. एक, ज्या खात्याला पासवर्डच नाही त्या खात्यानं दुरून लॉगिन होत नाही, विंडोज स्वतः अडवते, अन् गावातल्या निम्म्या पीसीला पासवर्ड नसते. दोन, लोकल ॲडमिन खातं असलं तरी दुरून आलं की यूएसी (विंडोजचा ॲडमिन अधिकारांवरचा पहारा) त्याचे अधिकार कापते, मग "ॲडमिन आहे तरी ॲक्सेस डिनाइड" म्हणून डोकं धरून बसता.

पण गावात तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पीसी चालते. तिथे बाहेरून आत यायला स्वतःचा पत्ताच नसते, अन् असला तरी १३५ इंटरनेटवर उघडं टाकणं म्हणजे गोदामाला कुलूप न लावता यात्रेला जाणं. म्हणून उलटं करा. गावातल्याच पीसीवर एक एजंट ठेवा, तो लोकल डब्ल्यूएमआयला विचारते अन् उत्तर बाहेर पाठवते. बाहेर जाणारं कनेक्शन कुठूनही जमते. मी झॅबिक्सचा (दुरून मशीनवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) एजंट ॲक्टिव्ह पद्धतीनं वापरतो, त्यात डब्ल्यूएमआय-गेट (इथे डॅशच्या जागी टिंब) नावाची की आहे, नेमस्पेस अन् क्वेरी दिली की झालं. ज्याला तेही जड वाटते त्यानं पाच मिनिटाला चालणारी पॉवरशेलची दहा ओळींची स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमध्ये टाकावी, तेवढ्यात पण भागते.

लाइन गेल्यावर परत सुरू झालं की कधी कधी ऑब्जेक्ट दिसत नाही

तुमचा प्रोग्राम डब्ल्यूएमआयच्या सर्व्हिसच्या आधीच उठला असेल. मी काट्याचा वाचणारा भाग विंडोज सर्व्हिस केला अन् तिची डिपेंडन्सी विनएमजीएमटी वर, म्हणजे डब्ल्यूएमआयच्या सर्व्हिसवर टाकली, मग क्रम बरोबर राहते. पब्लिश जमलं नाही तर तीस सेकंदानं परत प्रयत्न, असं पण लिहून ठेवा. सर्व्हिस करायचं अजून एक कारण, रजिस्टर करायला अधिकार लागतात अन् ऑपरेटरचं साधं खातं तिथे कमी पडते.

अन् महत्त्वाचं, डब्ल्यूएमआय जमलं नाही म्हणून वजन थांबता कामा नये. पब्लिशच्या भोवती ट्राय-कॅच. काटा आधी, नाडी नंतर.

नेटवर इन्स्ट्रुमेंटेड, इन्स्ट्रुमेंटेशन-क्लास असे वेगळेच ॲट्रिब्यूट दिसतात, ते काय?

ती जुनी पिढी. २००२ च्या पहिल्या डॉटनेटपासूनची. त्यात फक्त वाचता येत होतं अन् इव्हेंट उडवता येत होते, प्रॉपर्टी बदलणं नाही, मेथड नाही. मॅनेजमेंट-एंटिटीवाली नवी पिढी २००७ च्या डॉटनेट ३.५ सोबत आली. दोन्हीचं नेमस्पेस एकच, सिस्टिम-मॅनेजमेंट-इन्स्ट्रुमेंटेशन (डॅशच्या जागी टिंब), म्हणून गफलत होते अन् लोक एकाच क्लासवर दोन्हीचे बिल्ले लावून बसतात. एक निवडा, नवीन निवडा.

काटा अडकला की मेसेज यावा, आपण विचारत बसायचं नाही, असं होते का?

होते. डब्ल्यूक्यूएलमध्ये इन्स्टन्स-मॉडिफिकेशन-इव्हेंटवर (नावासमोर दोन अंडरस्कोर) क्वेरी लावता येते, "विदिन ३०" म्हणजे दर तीस सेकंदाला पाहा अन् बदललं असेल तर सांग. तो आकडा १ करू नका, जुन्या पीसीत डब्ल्यूएमआयच सीपीयू खाऊन बसते, अन् मे महिन्यात शेचाळीस डिग्रीत टिनाच्या खोलीतला पीसी आधीच धापा टाकत असते. सेकंद मोजणारी प्रॉपर्टी असली तर ती दर वेळेस बदलणारच, म्हणून अट "आधीचे सेकंद १२० च्या आत अन् आताचे १२० च्या वर" अशी टाका, नाहीतर मेसेजचा पाऊस पडेल.

काट्याचं नाव मराठीत दिलं तर चालते का?

स्ट्रिंग युनिकोड असते, चालते. पण की मात्र रोमनमध्ये ठेवा, काळ्या खिडकीत देवनागरीचे डबे दिसतात अन् क्वेरीत टाइप करायला त्रास. मी की के१, के२ अशी ठेवली अन् वेगळ्या प्रॉपर्टीत "मोठा काटा, गेटजवळचा" असं लिहिलं.

डॉटनेट ८ मध्ये हे चालेल का?

नाही. नवीन डॉटनेटमध्ये सिस्टिम-मॅनेजमेंटचं पॅकेज आहे, त्यानं डब्ल्यूएमआयला विचारता येते, तेही विंडोजवरच, पण आपला ऑब्जेक्ट ॲट्रिब्यूट लावून दाखवणं तिकडे आणलंच नाही. हे सगळं डॉटनेट फ्रेमवर्कपुरतं, म्हणजे ४.८ पर्यंतच्या घरातलं. आज कोरं प्रोजेक्ट सुरू करत असाल तर मी हे सुचवणार नाही, मीटर क्लास किंवा ओपनटेलिमेट्री (प्रोग्रामचे आकडे बाहेर दाखवायच्या नव्या सोयी) पाहा. पण जिनिंगमधला पीसी विंडोज १० चा आहे, फ्रेमवर्क त्यात आधीच आहे, प्रोग्राम २०१४ पासून चालतोय अन् मालक नवीन लिहायचे पैसे देणार नाही. तिथे पंधरा ओळींचे बिल्ले लावून काम भागते, तर मी का नाही लावणार.

जावावाल्यांनी जेएमएक्स ही जावातली अशीच सोय पाहावी. कल्पना सख्ख्या भावासारखी आहे, स्प्रिंगमध्ये मॅनेज्ड-रिसोर्स, मॅनेज्ड-ॲट्रिब्यूट, मॅनेज्ड-ऑपरेशन अशा चिठ्ठ्या लावायच्या अन् जेकन्सोलमध्ये पाहायचं.

पीसी बदलताना हे काढायचं कसं?

इन्स्टॉलयुटिलला स्लॅश यू देऊन तेच एक्सई. एक्सई डिलीट करायच्या आधी बरं का. आधी डिलीट केलं तर क्लास साठ्यात भुतासारखा राहते, मग तेच व्हर्जन कुठून तरी शोधून आणा अन् परत स्लॅश यू मारा. माझ्याकडे प्रत्येक जिनिंगचं जुनं एक्सई पेनड्राइव्हमध्ये नाव लिहून ठेवलेलं आहे, त्याच पेनड्राइव्हमध्ये बायोसच्या सेलचा नंबर पण लिहिला आहे, सीआर२०३२, दोन सेल गाडीच्या डिक्कीत असतातच.